धड्यातलं काम शोधताना: सामाजिक शास्त्रात करिअर शिक्षण

सुरुवातीला मी सगळ्यात सोपी वाट धरली. धडा संपला की 'या विषयातून कोणत्या नोकऱ्या मिळतात' याची यादी फळ्यावर. मुलं ती उतरवून घेतात आणि विसरतात, कारण यादीत नुसती हुद्द्यांची नावं असतात, काम दिसत नाही.

मग प्रश्न फिरवला. धड्यातला नकाशा, तक्ता, शिलालेखाचं वाचन कोणी तयार केलं? त्याला काय यावं लागलं?

याला सगळ्यात चांगला लागू पडलेला विषय म्हणजे लंडनमधली 1854 ची कॉलऱ्याची साथ. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू कुठे झाले हे तपासलं, संशय ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाकडे वळला, आणि नंतर त्यांनी ती ठिकाणं नकाशावरही मांडली. वर्गात मी 20 घरं, 3 पंप आणि मृत्यूंचा काल्पनिक तक्ता देतो. चौघांच्या गटाने ठिपके मांडून संशयित पंप ओळखायचा. वेळ 15 मिनिटं. त्यानंतर विचारायचं, की यात कोणाकोणाचे हात लागले? मृत्यूंच्या नोंदी ठेवणारं कार्यालय, घरोघर चौकशी करणारे, पंप बंद व्हावा म्हणून त्याचा दांडा काढायला लावणारं स्थानिक मंडळ. दांडा प्रत्यक्ष काढणारा कारागीर मुलं हमखास विसरतात. मीही विसरलो होतो.

म्हणून आता आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं 2008 चं व्यवसाय वर्गीकरण जवळ ठेवतो. त्यात 10 मुख्य गट आहेत. एका धड्यातून निदान तीन वेगळ्या गटांतली कामं निघाली पाहिजेत, नाहीतर सगळं डॉक्टर-अधिकाऱ्यांवरच थांबतं.

नियोजनाच्या वहीत चार रकाने पुरतात: घटक, कौशल्य, ते वापरणारं काम, कृती. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो धडा सोडून द्यावा. ओढूनताणून जोडलेलं करिअर मुलांना लगेच कळतं. एका सत्रात चार-पाच धडे बास.

पाहुणे बोलावले की गाडी पगारावर नाहीतर संघर्षावर जाते. त्यांना आठवडाभर आधी तीन प्रश्न द्यावेत आणि कामातली एक वस्तू आणायला सांगावी: भरलेला अर्ज (नावं झाकून), मोजणीचा आराखडा, काहीही. भाषण नको, त्या वस्तूवर 20 मिनिटं बोलणं.

मूल्यमापनात 'तू कोण होणार?' हा प्रश्न मी काढून टाकला. बहुतेक उत्तरं घरच्यांची असतात. त्याऐवजी तीन वाक्यं लिहायला सांगतो: हे काम करणारा कोणता पुरावा वापरतो, तो चुकला तर कोणाचं नुकसान होतं, यातलं मला आज काय जमतं. दुसऱ्या वाक्याचं उत्तर गुळगुळीत आलं, की नागरिकशास्त्राचा भाग नीट पोचलेला नाही असं समजून पुढच्या तासाची पहिली 10 मिनिटं तिथेच घालवतो.