मुंबईच्या उकाड्यात आधी पंखा, मग एसी

मुंबईत तापमान ३३ अंश असतानाही नागपूरहून आलेल्या पाहुण्यांचा जीव कासावीस होतो, कारण इथल्या हवेत आधीच इतके बाष्प असते की अंगावरचा घाम वाळतच नाही. विदर्भात घरोघरी उपयोगी पडणारा कूलर इथे कुचकामी ठरतो तोही याच कारणाने. तो हवेत आणखी ओलावा सोडतो. म्हणून मुंबईत घर थंड ठेवायचे म्हणजे मुख्यतः घाम वाळेल अशी व्यवस्था करायची, असे माझे मत आहे.

पंखा खोलीतली हवा थंड करत नाही, उलट त्याच्या मोटरीची थोडीफार उष्णता खोलीतच राहते. अंगालगत साचलेली दमट हवा दूर सारून घाम वाळायला वाव देणे, एवढेच त्याचे काम. त्यामुळे माणूस नसलेल्या खोलीत फिरणारा पंखा ही निव्वळ उधळपट्टी आहे, जरी आलेल्या माणसाला खोली गार लागावी म्हणून तो चालू ठेवण्याची पद्धत अनेक घरांत असली तरी.

साधा छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी मोटरीचा (म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या डीसी मोटरीचा) पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. दिवसाचे सोळा तास पंखा फिरत असेल, तर महिन्याला एका पंख्यामागे वीसेक युनिट वाचतात. मात्र जुना पंखा मंदावला म्हणून लगेच काढून टाकू नये. पुष्कळदा त्याचा कपॅसिटर, म्हणजे मोटरीला फिरायला मदत करणारा छोटा सुटा भाग, कमजोर झालेला असतो आणि तो बदलण्याचा खर्च किरकोळ असतो.

एसीबद्दल सांगायचे तर तो हवेतला ओलावाही काढतो, हा त्याचा मुंबईतला खरा उपयोग आहे. त्याच्या पाण्याच्या नळीखाली रात्री बादली ठेवली, तर सकाळपर्यंत तिच्यात साचणारे पाणी पाहून खोलीतल्या हवेत किती बाष्प होते याची कल्पना येते. एक लिटर पाण्याइतकी वाफ पुन्हा पाण्यात उतरवायला जवळजवळ दोन तृतीयांश युनिट उष्णता बाहेर टाकावी लागते, म्हणजेच एसीची बरीच शक्ती हवा गार करण्याऐवजी कोरडी करण्यात खर्च होते. दाराखालच्या फटीतून किंवा किलकिल्या खिडकीतून बाहेरची दमट हवा सतत आत येत असेल, तर हे काम कधी संपतच नाही. पावसाळ्यात एसीच्या खोलीत दोरी बांधून ओले कपडे वाळत घालणे सोयीचे वाटते खरे, पण त्यांच्यातून उडणारे पाणीही एसीलाच उपसावे लागते.

हवा एकदा कोरडी झाली की पंख्याचा वारा पुन्हा अंगाला लागू लागतो. त्यामुळे एसी २६ किंवा २७ अंशांवर आणि पंखा मंद ठेवला, तरी झोप सुखाची लागते. नव्या एसींचे तापमान मुळात २४ अंशांवर लावलेले असावे, असा नियम २०२० पासून लागू आहे. तापमान एका अंशाने वाढवले की साधारण सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा अंदाज आहे. लवकर गारवा यावा म्हणून १८ वर लावण्यात काही हशील नाही. आपण थांबवेपर्यंत एसी चालत राहतो, एवढेच. लहान खोलीला गरजेपेक्षा मोठा एसी घेणेही चुकीचेच, कारण तो खोली चटकन गार करून वारंवार मंदावतो किंवा आपोआप बंद होतो आणि ओलावा मागे राहतो.

आमच्या घराची एक खिडकी पश्चिमेला आहे आणि दुपारी तीननंतरचे ऊन थेट तिच्यावर येते. आतल्या जाड पडद्यापेक्षा काचेच्या बाहेर ग्रिलला लावलेला बांबूचा पडदा कितीतरी उपयोगी पडतो, कारण ऊन काचेतून आत शिरले की त्याची उष्णता खोलीतच अडकते. संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला की समोरासमोरची दारे-खिडक्या उघडाव्यात.

मुंबईच्या घरगुती वीजदरात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे असल्यामुळे वापर जितका वाढतो तितके पुढचे युनिट महाग पडते, आणि एसीच्या महिन्यांत वाचवलेली वीज या महागड्या टप्प्यातलीच असते. सगळे पंखे एकदम बदलणे परवडत नसेल, तर सर्वांत जास्त वेळ फिरणारा, म्हणजे बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खोलीतला पंखा आधी बदलावा.