ओटीपी गेला पुण्याला

दवाखान्यात कॉम्प्युटर बसवून आठ महिने झाले, लिहू लिहू म्हणत आज बसलोय. तालुक्याच्या गावात जीपी आहे मी, बाजाराच्या दिवशी ओपीडी ऐंशीच्या वर जाते. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीतच लिहिलंय की रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आणायचा प्रयत्न करावा, म्हणजे मी फक्त वीसेक वर्षं लेट.

टायपिंगची धास्ती होती, ते जमलं. खरी गोची झाली ती समोरचा पेशंट नक्की कोण हे शोधण्यात. सॉफ्टवेअर शोधतं मोबाईल नंबरवरून आणि आमच्याकडे एका नंबरावर सासू, सून, दोन पोरं असं अख्खं घर असतं. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंची शुगरची गोळी मी सुनेच्या नावावर चढवली, मेडिकलवाल्याने वय बघून फोन केला म्हणून निभावलं. बरं जन्मतारखेवरून ओळखावं तर निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं, गुरुजींची कृपा! आमचा कंपाउंडर दारातला चेहरा बघून केसपेपर काढायचा, त्याला नावसुद्धा विचारावं लागायचं नाही.

फायदा नाही असं नाही हां. सल्फाची अ‍ॅलर्जी आता स्क्रीनवर लाल अक्षरात समोर येते, आणि एका हट्टी पेशंटला त्याच्याच दोन वर्षांच्या शुगरचा चढता ग्राफ दाखवला तर गडी पहिल्यांदा गप्प बसला. पण केसपेपरच्या कोपऱ्यात मी "मुलगा गेला, झोप नाही" असं काहीबाही लिहायचो, त्याला इथे रकाना नाही.

ओळखीच्या घोळावर उपाय म्हणजे आभा, प्रत्येक पेशंटचा स्वतःचा १४ आकडी सरकारी आरोग्य नंबर, २०२१ पासून देशभर सुरू आहे. रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन सगळं त्याला जोडता येतं आणि पेशंटच्या संमतीनेच दुसऱ्या डॉक्टरला दिसतं. मला पटलेलं आहे हे. फक्त आधारवरून काढायचा तर ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर जातो, आणि परवा आलेल्या आजींचा तो मोबाईल पुण्यात, मुलाच्या खिशात. फोन लावला तर तो मीटिंगमध्ये, परत लावला, त्याने आकडे सांगेपर्यंत ओटीपीची वेळ संपली, बाहेर पोरं रडतायत, कंपाउंडर माझ्याकडे बघतोय. तिसऱ्यांदा जमलं एकदाचं. मी वैतागलेलो, आजी मात्र खूश, म्हणे "डॉक्टर, पुढच्या महिन्यात पण काढू या का हे, तेवढंच पोरगं बोलतं."