टॅनिंगविषयी सहकारिणीशी झालेले बोलणे
बडोद्यातील आमच्या अलकापुरीच्या कार्यालयात शेजारी बसणारी सहकारी युरोपातून दोन वर्षांनी परतली, तेव्हा तिकडच्या हिवाळ्यात ‘ड’ जीवनसत्त्वासाठी आपण टॅनिंग बेड, म्हणजे अतिनील दिव्यांखाली झोपून त्वचा सावळी करायचे उपकरण, वापरत होतो, असे तिने डबा खाताना सांगितले आणि मला मनापासून काळजी वाटली. त्या दिव्यांतून मुख्यतः अतिनील ‘अ’ किरण येतात, तर हे जीवनसत्त्व ‘ब’ किरणांमुळे तयार होते. “आपण सावळ्या, आपल्याला काय होणार?” असे तिने विचारले. सावळेपणाने त्वचेच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही. डीएनएला इजा झाल्यावर त्वचा बचावासाठी रंगद्रव्य वाढवते, तेच टॅनिंग. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही उपकरणे तंबाखूच्याच गटात, निश्चित कर्ककारकांत, घातली. तिच्या मानेवरचा तीळ वाढला आहे का, असे मी विचारल्यावर ती गप्प झाली. शनिवारी आम्ही दोघी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणार आहोत.