किरकोळ खात्यातली हरणं

आमचे अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. कीर्द-खतावणीतल्या एकाच खात्यावर त्यांचा दात होता, ते म्हणजे ‘किरकोळ’. हमाली हमालीत जायची, बारदान बारदानात, आणि ज्याला कुठंच घर नाही ते किरकोळात. “किरकोळ फुगलं की समजायचं, लिहिणाऱ्यानं डोकं वापरलेलं नाही,” असं म्हणून ते रात्री उशिरापर्यंत एकेक रक्कम आपापल्या घरी पोचवत बसायचे.

अण्णांची आठवण निघाली ती सागरेश्वरला. देवराष्ट्र्याजवळच्या उघड्या-बोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं हे अभयारण्य जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं. आपल्याकडे सगळे त्याला ‘हरणांचं अभयारण्य’ म्हणूनच ओळखतात. नातवाला घेऊन गेलो होतो. लांबवर चार-पाच पाठी दिसल्या आणि त्यानं विचारलं, “आजोबा, हे डिअर का अँटिलोप?”

“हरीण,” मी म्हणालो.

“ते कळलं हो. पण कुठलं?”

इथं माझी मराठी अडली. आपल्याला चितळही हरीण आणि काळवीटही हरीण. पुस्तकी मराठीत अँटिलोपला कुरंग म्हणतात, पण कुरंग दिसला म्हणून कोणी कोणाला हाक मारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. बरं, संस्कृतात बघावं तर मृग म्हणजे मुळात कुठलंही रानजनावर. म्हणून सिंह मृगराज आणि माकड शाखामृग. गावाकडे तर आणखीच सोपं होतं: काळा, पिळाच्या शिंगांचा नर तो काळवीट आणि त्याची बिनशिंगी, भुरी बायको नुसतीच हरणी. एकाच घरात दोन आडनावं!

फरक खरा आहे तो शिंगांत, आणि तो मला लहानपणापासून माहीत होता. फक्त माहीत आहे हे माहीत नव्हतं. आईच्या बटव्यात वेखंड-जायफळाशेजारी सांबरशिंगाचा एक तुकडा असायचा. छातीत दुखलं, पाय मुरगळला की तो सहाणेवर उगाळून गरम लेप लागायचा. सांबर आणि चितळ हे खरे डिअर. त्यांच्या नरांची शिंगं म्हणजे भरीव हाड; दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा नवी फुटतात, त्यांना फांद्याही येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा, नीलगाय यांचं शिंग गाई-शेळीच्या शिंगासारखं: आत हाडाचा खुंट, वर नखासारखी पोकळ खोळ. ते बिनफांदीचं असतं आणि जन्मभर टिकतं. इंग्रजीत या दोन शिंगांना दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे दोन्ही शिंगंच.

नातवाला हे पटलं. “म्हणजे अँटिलोप गाईच्या फॅमिलीतले?” हो, गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्याच कुळातले. मग अँटिलोप म्हणजे नेमकं कोण? तर त्या कुळातून गाई-म्हशी काढा, शेळ्या-मेंढ्या काढा, आणि उरतील ते सगळे. जगभरात अशा उरलेल्या ९० च्या आसपास जाती आहेत. म्हणजे किरकोळ खातं! अण्णांना हे सांगितलं असतं तर त्यांनी चष्मा काढून ठेवला असता.

नावं ठेवणाऱ्यांचीही धांदल उडालेली दिसते. प्राण्यांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसनं १७५८ साली काळविटाला सरळ शेळ्यांत घातलं आणि नाव दिलं सर्व्हिकॅप्रा, म्हणजे ‘हरीण-शेळी’. १७६६ मध्ये पल्लास या प्राणिशास्त्रज्ञानं नीलगाईला म्हटलं ट्रॅगोकॅमेलस, ‘बोकड-उंट’. पुढं तिला आणखी एक नाव जोडलं गेलं, बोसेलाफस, म्हणजे ‘बैल-हरीण’. एका नावात चार जनावरं, आणि त्यांत नीलगाय कुठंच नाही. चौशिंग्याचं शास्त्रीय नाव टेट्रासेरस क्वाड्रिकॉर्निस. आधी ग्रीकमध्ये ‘चार शिंगं’, मग लॅटिनमध्ये पुन्हा ‘चार शिंगं’. आपल्याकडे गाईचं गोमूत्र आणि पिवळं पीतांबर, तसंच हे. चिंकाऱ्याबद्दल मात्र थोडा अभिमान: ब्रिटिश फौजेतल्या कर्नल साइक्सनं १८३१ साली त्याला शास्त्राच्या वहीत चढवलं ते दख्खनमधूनच, आपल्याच माळावरून.

मला सगळ्यात गंमत वाटली ती पुढची. आता रक्ताची नाती तपासल्यावर असं निघालंय की नीलगाय आणि चौशिंगा हे गाई-म्हशींच्या शाखेतले, तर काळवीट आणि चिंकारा शेळ्या-मेंढ्यांच्या जवळचे. म्हणजे नीलगाईचं काळविटापेक्षा आपल्या गोठ्यातल्या गाईशी नातं जवळचं. तिला गाय म्हणणारा तो कोण शेतकरी असेल त्यानं खतावणी बरोबर लिहिली होती. विदर्भात तिला रोही म्हणतात. तिथं ती रात्रीत हरभरा साफ करते, त्यामुळं नात्यागोत्याच्या गप्पा तिथल्या शेतकऱ्यांना सांगायला मी जाणार नाही.

“मग समोर आहे ते काय?” नातवाचा मुद्दा तसाच होता. तोवर पाठी झाडीत गेल्या. अंगावर ठिपके होते, असं तो म्हणतो. असतील तर चितळ. मला चष्म्यातून नुसतं तांबूस दिसलं.

चढ-उतारानं गुडघा धरलाय. घरी आल्यावर आईचा बटवा काढला. वन्यजीव कायद्यानं सांबरशिंगाच्या खरेदी-विक्रीला कधीच बंदी आली, अगदी आपसूक गळालेलं असलं तरी. आमच्याकडचा तुकडा झिजून सुपारीएवढा उरलाय. सहाण मात्र कुठं सापडेना. सूनबाई म्हणाली, मागच्या दिवाळीत माळ्यावरचं किरकोळ सामान काढून टाकलं, त्यात गेली असेल.