उतारावर रेस धरून राहणारी गाडी: महाबळेश्वर, आंबेनळी, महाड, वरंध

कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) जुन्या मोटरसायकली घेऊन महाबळेश्वरमार्गे कोकणात उतरणारे पुष्कळजण आहेत. त्यांच्यासाठी हा वृत्तांत लिहिते आहे, थोडा रस्त्याचा आणि बराचसा मूठ सोडल्यावरही रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, खाली न येणाऱ्या इंजिनाचा. माझी गाडी ३५० सीसीची, एका सिलिंडरची, बरीच जुनी. सोबत धाकटा दीर होता, त्याची गाडी फ्युएल इंजेक्शनवाली, म्हणजे कार्बोरेटर नसलेली. जाताना खंबाटकी, वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि आंबेनळी घाटाने पोलादपूर; येताना महाडहून वरंध घाट आणि भोर, असा मार्ग.

खंबाटकीच्या चढावर ट्रकांच्या मागे रांगेत होतो, तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. क्लच दाबला, अॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण सोडली, तरी इंजिन काही क्षण त्याच आवाजात फिरत राहिलं आणि मग सावकाश खाली आलं. चढावर याचा काही त्रास होत नाही, म्हणून बरेचजण तसंच पुढे जातात. पण हाच दोष घाट उतरताना ब्रेकचा दोष होतो. गिअरमध्ये मूठ सोडली की इंजिनाने गाडी मागे ओढून धरायला हवी. रेसच खाली येत नसेल, तर तो आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मागे ड्रम ब्रेक असेल, तर लांब उतारावर तो तापून ढिला पडतो.

वाईला चहासाठी थांबलो तेव्हा सोपं तपासून घेतलं. गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवलं. वळवताना रेस वाढली, तर अॅक्सिलरेटरची केबल कुठेतरी ताणली जातेय किंवा टाकीखाली दबलीय असं समजावं. माझी वाढली नाही. मुठीला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल होती, सोडल्यावर मूठ टक् करून परत येत होती. चोकही (थंड इंजिन सुरू करताना वापरायची कळ) पूर्ण बंद होता. हे आधी बघा, कारण याला पाना लागत नाही आणि रेस अडकण्याची निम्मी प्रकरणं इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

पसरणी घाट छान चढला. वरून कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं, तिथे थांबायचं असेल तर वळणावर थांबू नका, पुढे रुंद जागा मिळते.

पाचगणीला सपाट जागा बघून दुसरी तपासणी केली. ती मला फार उपयोगाची वाटते. रेस वर अडकलेली असताना पहिला गिअर टाकायचा, पुढचा ब्रेक धरायचा आणि क्लच अगदी थोडा सोडून इंजिनावर किंचित भार द्यायचा. रेस खाली आली की क्लच पुन्हा दाबायचा. इंजिन आता खालीच राहिलं, तर बहुधा मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी जास्तीची हवा आत जातेय. क्लच दाबताच रेस पुन्हा वर चढली, तर थ्रॉटल (मुठीने उघडणारी हवेची वाट) खरोखरच थोडं उघडं राहतंय: केबल, कार्बोरेटरची स्लाइड (केबलने वरखाली होणारा भाग), तिची स्प्रिंग, नाहीतर आयडलिंगचा (मूठ सोडल्यावरच्या किमान रेसचा) स्क्रू जास्त आवळलेला. माझी खालीच राहिली. मोकळ्या जागेतच हे करा, समोर माणूस किंवा गाडी नको.

महाबळेश्वरला पोचेपर्यंत दोष जवळजवळ दिसेनासा झाला. दीर म्हणाला, "वहिनी, बरी झाली वाटतं गाडी." बरी झालेली नव्हती. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथली हवा विरळ. कार्बोरेटरला उंची कळत नाही. हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही, म्हणून वर गेल्यावर मिश्रणात पेट्रोलचा वाटा आपोआप वाढतो. खाली पेट्रोल कमी पडत असेल, तर वर ती उणीव झाकली जाते. केबल अडकत असती, तर उंचीने काहीच फरक पडला नसता. म्हणजे वर गेल्यावर मिळालेला हा आराम हीच सगळ्यात मोठी खूण होती, आणि आता आम्हाला पोलादपूरपर्यंत सुमारे ४० किलोमीटर खालीच उतरायचं होतं.

आंबेनळी घाटाबद्दल थोडं. वाडा कुंभरोशीपर्यंत प्रतापगडाला जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ असते, त्यापुढे रस्ता अरुंद होतो, वळणापलीकडचं दिसत नाही आणि समोरून एसटी आली की एकाला थांबावं लागतं. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात बस दरीत कोसळून तीसहून अधिक माणसं गेली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून हा रस्ता बंद पडला होता. पावसाळ्यात निघण्याआधी रस्ता चालू आहे ना, हे वाईत किंवा पोलादपूरला विचारूनच पुढे जा. टाकी वरच भरून घ्या.

कुंभरोशीच्या खाली उतरलो तशी रेस पुन्हा धरायला लागली, आणि सकाळपेक्षा जास्त. अशा वेळी एक गिअर खालचा ठेवावा, वळणाच्या बऱ्याच आधी वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून सोडावेत. न्यूट्रल करून उतरू नये. रेस एकदम चढलीच, तर क्लच दाबून किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण). हात चावीकडे नेऊ नये. मागचा माणूस जास्त अंतर ठेवून येईल, असं आधीच ठरवून घ्यावं. दिराला मी तेच सांगितलं होतं.

रस्ता रुंद झाला तिथे थांबून पुढची तपासणी केली. हेल्मेटची काच पुसायला पाण्याची छोटी स्प्रेची बाटली मी नेहमी ठेवते. इंजिन आयडलिंगवर ठेवून कार्बोरेटर आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांच्यामधल्या रबराच्या नळीवर पाण्याचे बारीक तुषार मारले. वरून, बाजूने काही नाही. खालच्या बाजूला मारताच इंजिनाचा आवाज क्षणभर बसला आणि पुन्हा उठला. तिथून हवा आत खेचली जात होती. काही मेकॅनिक याच कामाला पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. तापलेल्या इंजिनावर ते पेट घेऊ शकतं, पाण्यानेही तेवढंच कळतं.

असं का होतं, तर मूठ सोडल्यावर थ्रॉटल बंद होतं, पण पिस्टन तर अजून जोरात फिरत असतो, त्यामुळे नळीतली ओढ त्या क्षणी सर्वांत जास्त असते. दार लावलं पण खिडकी उघडी राहिली, तसं. चिरेतून आलेली हवा कार्बोरेटरने मोजलेली नसते, तिच्या वाट्याचं पेट्रोल कुणी दिलेलं नसतं, आणि इंजिन खाली यायला वेळ लावतं. अडकलेला स्लो जेट (कमी रेसला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) किंवा कमी ठेवलेली फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची) पातळी यांचंही लक्षण असंच दिसतं, पण त्यासाठी कार्बोरेटर खोलावा लागतो, म्हणून ते शेवटी.

पोलादपूरला हायवेजवळच्या एका गॅरेजवर मेकॅनिकने सवयीने विचारलं, "ताई, कार्बोरेटर साफ करू का?" मी म्हटलं, आधी रबर काढून बघा. त्याने काढलं, वाकवलं, आणि खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. सरळ धरल्यावर ती दिसतही नव्हती. स्पार्क प्लग काढला तर टोक पांढरट, म्हणजे पेट्रोल कमी पडतच होतं. नवं रबर त्याच्याकडे नव्हतं. त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून तीन-चार वेढे दिले आणि वर क्लिप आवळली. पेट्रोलने ही ट्यूब फुगते, तेव्हा तो इलाज घरी पोचण्यापुरताच. पण काम चोख केलं होतं त्या माणसाने, मूठ सोडताच इंजिन खाली यायला लागलं.

आयडलिंग मात्र आता फारच खाली गेलं. जास्तीची हवा बंद झाल्यावर ते होणारच, इंजिन गरम असताना स्क्रूने पुन्हा लावून घ्यावं लागतं. आधी स्क्रूशी खेळलं असतं, तर मूळ दोष झाकला गेला असता.

महाडला मुक्काम करून वरंध घाटाने परतलो. वाघजाईच्या देवळाजवळ भजी खाल्ली; माकडं हातातलं ओढतात, हेल्मेटवर लक्ष ठेवा. जड वाहनांना हा घाट पावसाळ्यात अनेकदा बंद असतो, दुचाकीने जातानाही आधी चौकशी करा. पुढे नीरा देवघर धरणाचं पाणी लागतं, तिथे उतार आहेत, आणि गाडी आता प्रत्येक वळणाआधी स्वतःच आवरत होती.

दिराच्या गाडीसारख्या इंजेक्शनवाल्या गाडीत हे लक्षण दिसलं, तर हवेच्या गळतीची तपासणी तीच, पण आयडलिंगला हात लावू नका. थ्रॉटल बॉडीत (हवा आत जायच्या नळीत) साचलेला कार्बन आणि आयडलिंगची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह साफ करून घ्या. काही नव्या गाड्यांत प्रदूषण कमी राखण्यासाठी रेस मुद्दामच हळू उतरवलेली असते. आपल्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून बघितली की फरक कळतो.

जुन्या गाडीला नवं रबर टाकताना दोन्ही क्लिप आणि हेडच्या बाजूला ओ-रिंग (रबराची गोल कडी) असेल तर तीही बदला. लांब प्रवासाआधी रबर हाताने वाकवून खालची बाजू बघा, आणि एक जास्तीचं सोबत ठेवा.