काट्यावरचं सी++ आणि पावतीचं पायथन

समजा, रावेरच्या केळी-काट्यावर वजन वाचणारी लायब्ररी (तयार फंक्शन्सचा संच) सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे आणि पावती पायथन या दुसऱ्या भाषेतून काढायची आहे. चालणारी लायब्ररी मोडून पुन्हा लिहू नका. बाहेर द्यायची मोजकी फंक्शन्स एक्स्टर्न "सी" खाली घ्या, म्हणजे त्यांची नावं सी भाषेसारखी साधी राहतात. तसं न केल्यास कंपायलर नावांना शेपट्या जोडतो आणि पायथनला ती सापडत नाहीत. लिनक्सवर 'एनएम -डी' ही आज्ञा चालवून नावं आधी बघून घ्या. विंडोजवर एरर १९३ आली तर बहुतेक वेळा ३२ बिटची डीएलएल (विंडोजवरची लायब्ररीची फाइल) ६४ बिटच्या पायथनमध्ये चढवलेली असते. तिथे झटापट करण्यात अर्थ नाही. डीएलएल ३२ बिटच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा आणि सॉकेटवरून (दोन प्रोग्रॅममधल्या निरोपाच्या वाटेवरून) बोला.

पायथनमधून सीची फंक्शन्स बोलावणारं सीटाइप्स वापरताना प्रत्येक फंक्शनचे आर्गटाइप्स (आत जाणाऱ्या किमतींचे प्रकार) आणि रेसटाइप (परत येणाऱ्या किमतीचा प्रकार) लिहाच. रेसटाइप नसेल तर परत आलेली किंमत इंट (पूर्णांक) धरली जाते. मग डबलमधलं (दशांशातलं) वजन भलतंच दिसतं, आणि ६४ बिटच्या पॉइंटरचा (मेमरीतल्या पत्त्याचा) वरचा अर्धा भाग गळतो. पत्ता लहान असला की हेच बिनबोभाट चालून जातं, म्हणून चूक महिनोन्महिने लपते. लाँग हा पूर्णांकाचा प्रकारही टाळा: ६४ बिट विंडोजवर तो ४ बाइटांचा, लिनक्सवर ८. वजन ग्रॅममध्ये, इंट६४ (८ बाइटांचा पूर्णांक) म्हणून पाठवलेलं उत्तम.

खरी गंमत मराठी मजकुरात आहे, आणि आपल्याकडे ती टाळता येत नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट घेतं. गावाच्या नावाला सीमध्ये १६ बाइट ठेवले, तर 'जळगाव' १५ बाइट आणि मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य मिळून काठोकाठ बसतं. चाचणी पास! मग 'अमळनेर' येतं, १८ बाइटांचं. सीचं प्रत काढणारं फंक्शन स्ट्रएनकॉपी १६ बाइट उचलतं, 'र'चा पहिलाच बाइट आत येतो, शेवटचा शून्य लिहिला जात नाही आणि पायथन डीकोड करताना (बाइटांची अक्षरं करताना) अडतं. जागा ६४ बाइट ठेवा, लांबी अक्षरांत नव्हे तर बाइटांत पाठवा, आणि नाव मावत नसेल तर गुपचूप कापू नका, एरर कोड द्या. अर्धवट गावाची पावती शेतकऱ्याच्या हाती जाता कामा नये.

मेमरी ज्याने घेतली त्यानेच सोडायची. लायब्ररी मॅलॉक करून (मेमरी मागून घेऊन) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, देत असेल तर रेसटाइप सी_चार_पी (सीच्या मजकुराचा पत्ता) ठेवू नका. सीटाइप्स लगेच तिचे बाइट्स बनवतं, मूळ पत्ता हातचा जातो आणि हंगामात दिवसरात्र चालणाऱ्या मशीनची मेमरी फुगत राहते. सी_व्हॉइड_पी (नुसता पत्ता) घ्या, स्ट्रिंग_ॲट ने प्रत काढा, मग लायब्ररीचंच 'सोडा' फंक्शन बोलवा. पायथनकडून परस्पर फ्री (मेमरी सोडणं) नको. विंडोजवर डीएलएलचा हीप (मेमरीचा साठा) वेगळा असू शकतो.

सी++ चं एक्सेप्शनही (चालताना उठलेली चूक) पायथनच्या बाजूला जाऊ देऊ नका, आतच पकडून एररचा आकडा परत करा. वजन स्थिर झाल्यावर लायब्ररी पायथनला कॉलबॅक देणार (त्याचं फंक्शन उलट बोलावणार) असेल, तर तो कॉलबॅक एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. नाहीतर पायथन तो कचरा समजून साफ करतं आणि पुढच्या वजनाला प्रोग्रॅम कोसळू शकतो.