गो-बॅक, गो-बॅक

ऑगस्टच्या मध्यावर एका शनिवारी सकाळी साडेनऊला लँगसेटच्या वाहनतळावर सायकली उतरवल्या. आम्ही चौघं: अण्णा, अण्णांचा भाचा, डॉक्टर आणि मी. अण्णा साठीला टेकलेत, पण चढावर त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. भाचा तेवीस वर्षांचा, आणि त्याच्या सायकलीची किंमत त्याच्या आईसमोर काढायची नाही हा आमच्यातला करार आहे. डॉक्टर ही माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिला सगळ्यांच्या ढोपरांची काळजी असते, स्वतःच्या सोडून. माझ्या सायकलीला सस्पेन्शन फक्त पुढे, आणि टायरमध्ये अजून ट्यूब. त्या ट्यूबवरून भाचा मला वर्षभर टोमणे मारतोय. त्याचं खरं होण्याचा दिवस तोच निघाला.

बेत साधा होता. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या उत्तरेकडच्या भागाला 'डार्क पीक' म्हणतात. तिथं लँगसेटहून निघून 'कट गेट' नावाच्या जुन्या घोडवाटेनं माळरान ओलांडायचं, पलीकडे डरवेंट नदीच्या खोऱ्यात उतरायचं, दोन धरणांच्या काठाकाठानं जंगलातून चक्कर मारायची आणि त्याच वाटेनं परत. जेमतेम छत्तीस किलोमीटर. डांबरी रस्त्यावर दोन तासांचं काम. आम्हाला दहा तास लागले.

सुरुवात पाइनच्या रानातून. खाली सुयांचा गालिचा, टायरचा आवाजच नाही, डावीकडे झाडांमधून लँगसेटचं तळं चमकतंय. इथं सगळेच शूर असतात. मग लिटल डॉन नदीवरचा छोटा पूल लागतो आणि पुलापलीकडे वाट सरळ उभी राहते. सुटे दगड, मागचं चाक जागच्या जागी फिरतंय. भाचा चढून गेला. अण्णा चढून गेले. डॉक्टर अर्ध्यात उतरली आणि मी उतरण्याचा निर्णय तिच्या बराच आधी घेतला होता.

वर आलं की झाडं एकदम संपतात. आडोसाच नाही. नजर पोचेल तिथवर जांभळं. हेदर नावाचं गुडघाभर उंचीचं झुडूप इकडे ऑगस्टमध्ये फुलतं, आणि एकेक फूल तांदळाच्या दाण्याएवढं असूनही डोंगरच्या डोंगर रंगवून टाकतं. उन्हात त्याला मधाचा वास येतो. मधमाश्यांचा गुणगुणाट इतका सलग होता की सुरुवातीला मला वाटलं, माझ्या चाकाचं बेअरिंग गेलं.

या उजाड, दमट, आंबट मातीच्या उंच माळाला इकडे 'मूर' म्हणतात. मराठीत माळरान म्हणावं तर आपलं माळरान कोरडं, खडखडीत. हे मात्र वरून कोरडं दिसलं तरी आतून भिजलेलं. पायाखाली असतं ते पीट: पाण्यात बुडून न कुजता साठत गेलेलं शेवाळ आणि गवत. वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं ते वाढतं. म्हणजे कुणीतरी ओल्यातून दामटून काढलेला वीतभर खोल चर दिसला, की दोनेकशे वर्षं उकरली गेली असं समजायचं. हे कळल्यापासून मला डबकं चुकवायला कडेच्या हेदरवर सायकल घालवत नाही. डबक्यातूनच जातो. त्यामुळे साडेदहालाच माझे मोजे काळे झाले होते. भाच्याचे शेवटपर्यंत पांढरे राहिले, आणि मी काही बोललो नाही, कारण तो बाजूनं जात नव्हता, वरून उडी मारत होता.

थोडं पुढं डावीकडे एक वाट फुटते. त्या बाजूला 'नॉर्थ अमेरिका' नावाच्या शेतघराचे पडके अवशेष आहेत. मागे एकदा पायी आलो असताना ते पाहिले होते. खाली धरण झालं, पाणी स्वच्छ राहावं म्हणून वरची शेतं रिकामी झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्यानं त्या भिंतींवर नेमबाजीचा सराव केला. आता तिथं मेंढ्या सावलीला बसतात.

मिकलडेन एजवर वाट अरुंद होते. एका अंगाला हेदर, दुसऱ्या अंगाला खोल घळ, आणि मध्ये हातभर रुंदीची मातीची रेघ. या दोनेक किलोमीटरसाठी मी वर्षभर थांबतो. चढ आहे, पण लबाड नाही. पायांना एक लय सापडते आणि बोलणं आपोआप बंद होतं. मध्येच पायाजवळून फडफडाट करत लालसर तपकिरी पक्षी उठतो आणि ओरडत जातो: गो-बॅक, गो-बॅक, गो-बॅक! रेड ग्राउज. धाप लागलेल्या माणसाला 'परत जा, परत जा' म्हणून ओरडणं याला काय म्हणावं?

"अण्णा, तो तुम्हाला म्हणतोय," मागून डॉक्टर.

"मला नाही. ज्याचे ट्यूबचे टायर आहेत त्याला."

बिचाऱ्या ग्राउजला खरं तर स्वतःच परत जायची घाई असायला हवी होती. १२ ऑगस्टला त्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो. समोरच्या डोंगरावर हेदरचे वेगवेगळ्या छटांचे पट्टे गोधडीच्या ठिगळांसारखे दिसत होते. तेही त्याच्यासाठीच. जुनं हेदर पट्ट्यापट्ट्यानं जाळायचं किंवा कापायचं, म्हणजे कोवळे कोंब फुटतात आणि ग्राउज वाढतो, म्हणजे मग मारता येतो. निसर्ग म्हणून फोटो काढायला थांबावं आणि नीट पाहिलं की माणसाचाच हात दिसावा, असं या भागात वारंवार होतं. खालचं पाइनचं रान लावलेलं, तळी बांधलेली. शेवाळ मेलं ते औद्योगिक क्रांतीच्या गिरण्यांच्या धुरानं, आणि ते आता माणसंच पुन्हा लावतायत.

माथा साधारण ५३० मीटरवर. तिथं पूर्वी एक बदनाम चिखल होता. त्यात पुढचं चाक गडप होऊन माणूस हँडलवरून पुढं जायचा, हे अण्णांनी स्वतः करून पाहिलेलं आहे. आता दगड बसवून वाट पक्की केली आहे. अण्णांना ते फारसं आवडलेलं नाही. "मजा गेली," म्हणाले. त्यांचं खांद्याचं हाड तेव्हा डॉक्टरनंच पाहिलं होतं, त्यामुळे ती नुसती बघत राहिली.

माथ्यावर एक जोडपं चालत आलं, तेव्हा आम्ही सायकली बाजूला घेऊन थांबलो. हा शिष्टाचार आहेच, पण कायदाही आहे. १९६८च्या कायद्यानं घोडवाटांवर सायकलींना मुभा दिली ती या अटीवर, की पायी माणसाला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. पायवाट म्हणून नोंदलेल्या वाटेवर आम्हाला हक्क नाही. उघड्या माळावर कुठंही भटकण्याचा हक्क २००० सालच्या कायद्यानं मिळाला, तोही पायी चालणाऱ्यांनाच. इथून जवळच किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर २४ एप्रिल १९३२ला शेकडो कामगार पोरं तिथं फिरण्यावरची बंदी मोडून चढली आणि त्यातल्या काहींनी तुरुंग पाहिला. ते आठवलं की सायकलीवरून उतरून "नमस्कार, या" म्हणायला कमीपणा वाटत नाही.

आणि मग उतार. क्रॅनबेरी क्लफ नावाच्या घळीकडे वाट खाली झेपावते. पावसाचं पाणी वाट खरवडून नेऊ नये म्हणून तिच्यावर ठिकठिकाणी दगडी पट्ट्या आडव्या रोवल्या आहेत, धार वर करून. यावरून जायचं तर पुढचं चाक किंचित उचलायचं, वजन मागं, आणि मागच्या चाकाला अंग हलकं करून जाऊ द्यायचं. पहिल्या सहा पट्ट्यांवर मी हे सगळं केलं. सातवीला मेंढी बघत होतो.

आवाज छोटा असतो. 'फट्', मग 'फुस्स'. ट्यूब काढली तर शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. हवा कमी ठेवली की असंच होतं: टायर दबतो आणि ट्यूब दगड आणि रिम यांच्या मध्ये चिमटते. जास्त ठेवावी तर ओल्या दगडावर चाक घसरतं. ट्यूब न वापरणाऱ्यांच्या टायरमध्ये चिकट द्रव असतो, बारीक भोक आपोआप बुजतं. भाच्यानं हे मला सविस्तर समजावलं, मी हातानं टायर ओढत असताना. पाच मिनिटांनी मात्र त्यानंच टायर बसवून दिला. "मामांना सांगू नका, माझ्याकडे पण एक जादा ट्यूब असते," हळूच म्हणाला.

तोवर डॉक्टर कडेची बिलबेरी तोडून खात होती. करवंदाची आठवण यावी अशी काळीनिळी, पण दाणा वाटाण्याएवढा आणि चीक नाही. तिची जीभ, दात, बोटं सगळं जांभळं. निघायच्या गडबडीत माझी टायर काढायची पिवळी पट्टी तिथंच राहिली. हे मला खूप नंतर कळलं.

खाली नदीवर 'स्लिपरी स्टोन्स'. निसरडे दगड. इथं एक दगडी कमानींचा पूल आहे, सतराव्या शतकातला, ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला. हा पूल मुळात इथला नव्हेच. तो काही किलोमीटर खाली डरवेंट गावात होता. लेडीबाउर धरणाखाली ते गाव आणि शेजारचं ॲशॉप्टन जाणार हे ठरलं, तेव्हा पुलाचा एकेक दगड उतरवून ठेवला आणि नंतर इथं वर आणून पुन्हा जोडला. गावाच्या वाट्याला ते आलं नाही. चर्चचा मनोरा काही काळ पाण्याबाहेर ठेवला होता. डिसेंबर १९४७मध्ये तोही सुरुंगानं पाडला. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांचे दगड वर येतात आणि लोक बघायला गर्दी करतात. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवाचं देऊळ पाहायला जातात, तसंच.

पुलाखालच्या डोहात पोरं डुंबत होती. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. घाण नव्हे, पीटचा अर्क. मी पाय बुडवले आणि अर्ध्या मिनिटात काढले. ऑगस्ट असला म्हणून काय झालं!

तिथून पुढचा रानातला भाग पटकन सांगतो, कारण तो पटकन झाला. हाउडन आणि मग डरवेंट, दोन्ही तळ्यांच्या पूर्वेच्या काठानं रुंद कच्चा रस्ता, वर लार्च आणि पाइन, ऊन-सावलीचे पट्टे अंगावरून सरकतायत, चौघंही शेजारी शेजारी गप्पा मारत. फेअरहोम्सला पोट भरलं. डरवेंट धरणाच्या दगडी भिंतीला दोन बुरूज आहेत. १९४३च्या वसंतात ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वॉड्रनची बॉम्बफेकी विमानं जर्मनीतली धरणं फोडायला जाण्याआधी याच पाण्यावरून अगदी खालून उडायचा सराव करत होती.

परतताना पश्चिमेच्या काठावर, धरणाच्या टोकाशी, एका कुत्रीचं स्मारक लागतं. टिप तिचं नाव. डिसेंबर १९५३मध्ये जोसेफ टॅग हे ८५ वर्षांचे मेंढपाळ वरच्या माळावर गेले आणि तिथंच वारले. मार्च १९५४च्या अखेरीस त्यांचा देह सापडला, तेव्हा टिप शेजारी जिवंत होती. पंधरा आठवडे. तो सगळा हिवाळा. आमच्यात अशा वेळी काहीतरी विनोद करणारा मीच असतो, पण सुचला नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "रायगडावर वाघ्याच्या समाधीपाशी असाच गप्प होतो मी." वाघ्याच्या कथेला इतिहासाचा आधार नाही यावर भाच्याला वाद घालायचा होता. डॉक्टरनं त्याला पाण्याची बाटली दिली.

मग पुन्हा स्लिपरी स्टोन्स, पुन्हा क्रॅनबेरी क्लफ, आणि या वेळी उलटा, म्हणजे सगळा चढ. इथं कुणीच चालवत नाही. निदान आमच्यापैकी कुणी चालवली नाही, भाच्यानंसुद्धा. सायकल ढकलायचीही एक रीत असते: दोन पावलं चालायची, ब्रेक दाबायचा, हातांवर भार द्यायचा, पुन्हा दोन पावलं. घामाच्या वासानं मिज नावाची चिलटं जमली, कानात, नाकात. वारा आला की पळतात. वारा येत नव्हता. मान खाली घालून मी फक्त पुढचं चाक बघत होतो आणि त्या दगडी पट्ट्या मोजत होतो.

सातव्या पट्टीपाशी, म्हणजे वरून सातव्या, पिवळं काहीतरी दिसलं. माझी टायरची पट्टी. पडलेली नव्हती. कुणीतरी ती दोन दगडांच्या फटीत उभी खोचली होती, वाटेनं येणाऱ्याला दिसेल अशी, आणि पडू नये म्हणून बुडाशी एक छोटा दगड लावला होता.

मी ती काढून खिशात घातली. तो दगड उचलावा की राहू द्यावा, यात उगीच वेळ गेला. राहू दिला.

"थांबू नकोस," खालून डॉक्टरचा आवाज. "थांबलास की मलाही थांबावंसं वाटतं."

माथ्यावर पोचलो तेव्हा सात वाजले होते आणि ऊन आडवं झालं होतं. हेदरचा रंग आता जांभळा राहिला नव्हता, तांब्याकडे झुकला होता. भाचा हवा तपासत होता, अण्णा हेल्मेटचा पट्टा आवळत होते. पुढं मिकलडेनची ती हातभर रेघ, या वेळी उतरती. झुडपातून एक ग्राउज ओरडला, आणि अण्णा त्याला म्हणाले, "जातो बाबा, जातो."